अणीमांडव्याची मर्यादा आणि शाळेपुढील रस्ता

राजमार्गाने जाताना शाळा जवळ आली की कडेला लाल किनारीची त्रिकोणी पाटी लागते. आत दप्तर घेतलेल्या मुलाचे चित्र असते. थोडे पुढे गोल पाटीवर आकडा असतो, कोठे ३०, कोठे २५. ताशी तितक्या किलोमीटरांहून अधिक वेगाने येथून जाऊ नये, असा त्याचा अर्थ. ही पाटी ज्याला वाचता येत नाही असा वाहनचालक आम्हांस अद्याप भेटलेला नाही. ती पाळणारे किती भेटतात, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

नाममाहात्म्य आणि संतचरित्रे यांसाठी असलेल्या या पानांवर मोटारींचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास कारण एका श्रोत्याचा प्रश्न. कीर्तन आटोपून बुक्का लावून झाल्यावर एक गृहस्थ जवळ येऊन बसले. गळ्यात माळ, एकादशी चुकवीत नाहीत, घरची गाडी आहे. म्हणाले, "बुवा, शाळेसमोर रस्त्यावर मूल दिसले तर मी गाडी हळू करतोच की. पण रस्ता मोकळा असला तर ऐंशीनेच जातो. आजवर कोणाला माझा धक्का लागलेला नाही. कॅमेऱ्यात सापडलो तर मुकाट्याने दंड भरतो. मग यात पाप कोठे आले? ज्यात कोणाला काही झालेच नाही, त्याचे पाप कसले?"

प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. विचारणारा माणूस सरळ होता, आणि असे हजारो सरळ लोक मनातल्या मनात हेच म्हणत असतात. त्यांना "कायदा आहे, पाळा" एवढे सांगून भागत नाही. कायदा आणि धर्म या दोन वस्तू आहेत हे त्यांनाही कळते. तेव्हा पूर्वपक्ष नीट मांडून घेऊनच उत्तर द्यावे हे बरे.

प्रथम दंडाची गोष्ट उरकून टाकू, कारण ती लहान आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगाबद्दल हलक्या वाहनास १ हजार ते २ हजार रुपये आणि मध्यम वा जड वाहनास २ हजार ते ४ हजार रुपये असा दंड आहे. ही रक्कम भरली म्हणजे वेगाने जाण्याचा हक्क विकत घेतला, असे आपले गृहस्थ समजत होते. पण दंड म्हणजे किंमत नव्हे. भाजीचे पैसे दिले की भाजी आपली होते. चुलतभावाच्या थोबाडीत मारून पंचांपुढे शंभर रुपये ठेवले, म्हणून थोबाडीत मारण्याचा अधिकार काही कोणाला मिळत नाही. प्रायश्चित्ताचेही तसेच आहे. पुढे तेच करावयाचे असे ठरवून आज घेतलेले प्रायश्चित्त शास्त्रकारांनी प्रायश्चित्तात धरलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. कोणाला लागले नाही, मग दोष कोणता?

येथे दोन माणसे कल्पावी. एकच शाळा, एकच वेळ, एकच वेग. पहिला ऐंशीने गेला, रस्त्यावर कोणी आले नाही, तो घरी जाऊन जेवला. दुसरा त्याच्या मागून ऐंशीनेच आला आणि तेवढ्यात चेंडूमागे एक मूल धावत आले. पुढचे लिहावयास नको. या दोघांच्या करणीत काय फरक आहे? मन तेच, पाय त्याच पट्टीवर तितकाच दाबलेला, पाटी दोघांनीही पाहिली आणि दोघांनीही सोडली. फरक पडला तो मुलाच्या येण्या-न येण्याने, आणि ते मूल यांपैकी कोणाच्या हातात नव्हते. म्हणजे पहिला जेव्हा "माझ्या हातून कोणाला काही झाले नाही" असे म्हणतो, तेव्हा तो वास्तविक त्या दिवशी घरी राहिलेल्या एखाद्या मुलाचे श्रेय आपल्या पदरात पाडून घेत असतो. कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, ही गीतेची शिकवण आपण पीक बुडाले किंवा मुलगा नापास झाला की समाधानासाठी आठवतो. तीच शिकवण येथे लावून पाहावी. अपघात झाला नाही हे फळ आहे. ते आपले नव्हे. आपले ते कर्म, आणि कर्म तर त्या दुसऱ्यासारखेच झाले.

व्यवहारातला कायदा या दोघांस वेगळे वागवतो, हे खरे. पहिल्यास हजार-दोन हजारांचा दंड. दुसऱ्यास, निष्काळजीपणाने मृत्यू घडवला म्हणून, भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली ५ वर्षांपर्यंत कारावास. कायद्याला तसे करावेच लागते. त्याला पुराव्यावर चालावयाचे असते आणि मेलेले मूल हा पुरावा असतो. पण अंतर्यामी बसलेला साक्षी पुराव्यावर चालत नाही.

महाभारताच्या उद्योगपर्वात, युद्धाच्या आदल्या दिवसांत झोप न येणाऱ्या धृतराष्ट्राला सनत्सुजात मुनी उपदेश करतात. राजाने मृत्यूविषयी विचारले तेव्हा मुनींनी जे सांगितले त्याचा भाव असा की प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, हाच मृत्यू होय, आणि अप्रमाद हेच अमरत्व. पाठशाळेत असताना हे वाक्य आम्हांस केवळ वेदान्ताचे वाटे. आत्मस्वरूपाचे विस्मरण हा प्रमाद, असाच त्याचा अर्थ आचार्यांच्या परंपरेने लावला आहे आणि तो बरोबरच आहे. पण ज्या वाक्याचा अर्थ शांतपणे बसून ध्यान करणाऱ्याला लागू पडतो, तो हातात चक्र धरलेल्याला लागू पडत नाही असे थोडेच आहे? जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगतानाही प्रमाद हाच शब्द पुढे ठेवलेला आहे. मारण्याची इच्छा नव्हती, ही सबब त्यांनी पुरी मानली नाही. सावध राहण्याचा धर्म असताना सावध न राहणे, येथूनच हिंसेला आरंभ होतो.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे वर्णन केले आहे ते वाचकांच्या नित्यपाठातले असेल. गीतेत तेथे एक शब्द आहे, अहिंसा. माउलींनी त्यावर ओव्यांमागून ओव्या घातल्या. आणि आरंभी काय सांगितले? अहिंसक माणूस चालतो कसा, ते. जमिनीवर पाऊल टाकताना खाली एखादा जीव असेल या शंकेने तो ते किती हळुवार टाकतो, हे. त्याला जीव दिसला म्हणून तो जपला, एवढ्यावर माउली थांबत नाहीत. जीव असेल, या जाणिवेनेच त्याची चाल घडलेली आहे. आमच्या गृहस्थांचे म्हणणे होते, "मूल दिसले तर हळू करतो." माउलींचा अहिंसक दिसण्याची वाट पाहत नाही. आज आपल्या पायांच्या जागी चाके आली, तेव्हा ती चाल चाकांत उतरली पाहिजे.

"दिसले तर हळू करतो" हे शब्द सोपे वाटतात म्हणून त्यांचा हिशेब एकदा करून पाहावा. हे गणित शाळेतल्या पोरालाही येईल. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डोळ्यांनी पाहिले, मनाने जाणले आणि पायाने ब्रेक दाबला, एवढ्यात सावध माणसाचाही एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी २२ मीटर पुढे गेली. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबावयास आणखी ३५ मीटर. एकूण ५७ मीटर. पावसात याहून पुष्कळ अधिक. ताशी ३० ने जाणारी तीच गाडी १३ मीटरांत थांबते. पाण्याच्या टँकरामागून सहा वर्षांचे मूल बाहेर पडते ते ५७ मीटरांवरून दिसत नाही. त्याचे डोके टँकराच्या चाकाच्या उंचीचे असते.

दुसरा हिशेब याहून मनाला लागतो. ४० ने येणारी गाडी २० मीटरांत थांबते. ६० ने येणाऱ्याने त्याच ठिकाणी, त्याच क्षणी मूल पाहिले असे समजा. ४० ची गाडी जेथे निवांत उभी राहिली, तेथे ६० ची गाडी अजून ५५ च्या वेगाने चाललेली असते, कारण तिच्या चालकाचा पाय नुकता कोठे ब्रेकवर पडलेला असतो. वेग दीडपट झाला एवढेच आपण समजतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर एका गाडीने त्याला स्पर्श केला नाही आणि दुसरीने जवळजवळ पुऱ्या वेगाने उडवले.

आणि वाचवतो तरी काय आपण? शाळेपुढचा टापू ३०० मीटरांचा धरला तर ८० ने तो साडेतेरा सेकंदांत संपतो, ३० ने ३६ सेकंदांत. फरक साडेबावीस सेकंदांचा. वाटेत अशा दहा शाळा लागल्या तरी चार मिनिटेसुद्धा भरत नाहीत. साडेबावीस सेकंदांत सावकाश म्हटले तरी पंधरा वेळा 'रामकृष्णहरि' म्हणून होते. वेळ नाही, वेळ नाही म्हणणाऱ्या माणसाला जपासाठी देवाने रस्त्यातच वेळ ठेवून दिला आहे, आणि तो ब्रेक दाबल्यावाचून मिळत नाही.

हे सारे कबूल करूनही एक शंका उरते, आणि ती मोठी आहे. लोक म्हणतात, "चालकाची चूक मान्य, पण मूलही इकडे तिकडे न पाहता धावले ना? त्याची, त्याच्या आईबापांची काहीच जबाबदारी नाही? मी हॉर्न वाजवला होता." अपघातानंतर जमलेल्या घोळक्यात हे वाक्य हमखास ऐकू येते.

याचे उत्तर महाभारताच्या आदिपर्वात आहे. मांडव्य नावाचे ऋषी मौनव्रत घेऊन, हात वर करून आश्रमाच्या दाराशी तप करीत होते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला. राजाचे शिपाई आले, विचारू लागले. ऋषी बोलले नाहीत. माल सापडला, ऋषी चोरांत धरले गेले आणि सुळावर चढवले गेले. तपाच्या बळाने प्राण गेले नाहीत. पुढे राजाला कळले, त्याने पाय धरले, सूळ काढू लागला तर निघेना. तो कापावा लागला आणि टोक शरीरातच राहिले. तेव्हापासून ते अणीमांडव्य. त्यांनी यमधर्माकडे जाऊन जाब विचारला, "कोणत्या पापाचे हे फळ?" धर्माने सांगितले, "लहानपणी तू कीटकाला गवताची काडी टोचली होतीस." ऋषी म्हणाले, "अजाणपणी केलेल्या एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? तू न्यायासनावर बसण्यास योग्य नाहीस. मनुष्ययोनीत, दासीच्या पोटी जन्म घे." तोच विदुर. ज्याच्या घरच्या कण्या देवाला गोड लागल्या, त्या विदुराचा जन्म एका मुलाला न्याय मिळावा म्हणून झालेला आहे, ही गोष्ट कथेच्या ओघात आपण विसरतो. आणि शाप देऊन ऋषी थांबले नाहीत. त्यांनी मर्यादा घालून दिली की चौदा वर्षे पुरी होईपर्यंत मुलाच्या करणीला पाप लागणार नाही.

खुद्द यमधर्माला जी मर्यादा पाळावी लागते, ती आमच्या घोळक्यातील पंचांना लागू नाही काय? मूल अजाण आहे, याचा अर्थ ते मूर्ख आहे असा नव्हे. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग जोखण्याची शक्तीच लहान वयात पुरी आलेली नसते. गाडी दूर आहे एवढे त्याला दिसते, ती किती लवकर येईल हे उमगत नाही. शिवाय शाळा सुटल्याची घंटा झाली की त्याच्या अंगात जे येते ते येतेच. आपल्याही अंगात येत असे. आजच्या कायद्यातही सात वर्षांखालील मुलाची कोणतीच करणी गुन्हा ठरत नाही. आता विचार करा. रस्त्यावर दोन पक्ष आहेत, एक मूल आणि एक चालक. त्यांपैकी एकावर जबाबदारी ठेवताच येत नाही असे धर्माने ठरवले. मग ती अर्धी-अर्धी कशी वाटणार? सगळीच्या सगळी दुसऱ्याकडे जाते. शाळेपुढची ती पाटी म्हणजे अणीमांडव्याची मर्यादाच रस्त्यावर लिहिलेली आहे. या ३०० मीटरांत चूक करण्याची मुभा मुलाला आहे. ती चूक गिळून घेण्याइतका संथ वेग तू ठेव, असे ती चालकाला सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, पायी चालणारे आणि वाहने जेथे सतत एकत्र येतात तेथे ताशी ३० हीच कमाल मर्यादा असावी असे म्हटले, तेही याच विचाराने. माणूस चुकणारच, त्या चुकीची किंमत जीव असू नये.

हॉर्नविषयीही स्मृतीत आधार काढणारे लोक आहेत, म्हणून सांगतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडी अंगावरून गेल्यास कोणाला दंड करावा याचा बारकाईने विचार आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज कोणाला पटणार नाहीत, संतांनाही पटल्या नव्हत्या. पण हा भाग वाचण्यासारखा आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, अशा दहा प्रसंगी दंड नाही. आणि गाडीवानाने "बाजूला हो" असे ओरडून सांगितले असेल तरीही नाही. आमच्या चालकांना एवढेच पाठ असते! परंतु ती बैलगाडी होती. तिच्यावरून हाक घातली तर ऐकणाऱ्याला ऐकण्यास, समजण्यास आणि सरकण्यास अवकाश मिळे. ऐंशीने येणाऱ्या गाडीचा हॉर्न साठ मीटरांवरून वाजला तर मुलाच्या हाती तीन सेकंदही राहत नाहीत, आणि घाबरलेले मूल बहुधा जागच्या जागी खिळते किंवा उलट दिशेने पळते. हाक मारल्याचे पुण्य वेगाने आधीच खाऊन टाकले.

त्याच प्रकरणात पुढे जे आहे ते मात्र कोणी सांगत नाही. गाडीवान कसबी असेल तर दंड त्याला. गाडीवान अडाणी म्हणून नुकसान झाले तर दंड मालकाला. आणि गाडीवान कामास नालायक आहे हे असताना जे त्याच्या गाडीत बसले, त्या प्रत्येकाला शंभर-शंभर पण दंड. उतारूंनाही! आजच्या कायद्यात चालकाच्या वेगाबद्दल मागे बसलेल्याला कोणी धरत नाही. पण धर्माची नजर मागच्या बाकापर्यंत पोचते, हे स्मृतिकाराने जाणले होते.

येथे विषय आपल्यापर्यंत, म्हणजे आम्हां वारकऱ्यांपर्यंत येऊन ठेपतो. रस्त्यावर पायी चालणाऱ्याची बाजू आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या संत नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यातील दिंडीत यंत्र शिरले आणि वारकरी दगावले, ते दुःख अजून ताजे आहे. आपल्यासाठी म्हणून पालखी मार्ग रुंद करण्याचे काम निघाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याची पायाभरणी झाली, माउलींचा मार्ग सुमारे २२१ किलोमीटर आणि तुकोबारायांचा सुमारे १३०, दोन्ही चौपदरी, आणि कडेने दिंड्यांसाठी चालण्याची वेगळी वाट. चांगलेच झाले. पण वारीचे दिवस वर्षातून थोडे. उरलेले दिवस त्या रुंद रस्त्याच्या कडेने आणि आडवी चालतात ती गावची मुले. रस्ता रुंद झाला की वेग आपोआप वाढतो, आणि पूर्वी दहा पावलांत ओलांडायचा रस्ता आता चाळीस पावलांचा होतो. पुष्कळ गावी घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला पडली आहे. देशाचे आकडे पाहिले तर २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या शंभरात सुमारे दोनच. पण या मृत्यूंपैकी शंभरात ३६ तेथे झाले. सर्व मृत्यूंत शंभरात सत्तरांहून अधिक अतिवेगामुळे, आणि गेलेल्यांत अठरा वर्षांखालील साडेनऊ हजारांच्या आसपास.

आणि आषाढीचा काळ पाहा. जूनच्या मध्यावर बहुतेक गावी शाळा उघडतात. पहिलीच्या वर्गात नवी पोरे येतात. त्यांना रस्ता, घंटा, गर्दी सारेच नवे. नेमके तेव्हापासून पंढरपूरकडे गाड्यांची रीघ लागते. त्या गाड्यांत आपण असतो. "अहो, दर्शनबारीला उशीर होईल, जरा दाबा की!" असे चालकाला सांगणारा आवाज कोणाचा असतो? टाळमृदंगाचा गजर चाललेला, चालकाच्या कानी बाहेरचे काही येत नाही, आणि बाजूने शाळेचे फाटक मागे पडते. चालक पगारी असतो. मागे बसलेल्या दहा माळकऱ्यांचा शब्द त्याला मोडवत नाही. मनूने शंभर पण कोणासाठी लिहिले, ते आता ध्यानी यावे.

आणखी एक. पायी वारीत असंख्य दिंड्यांचा मुक्काम शाळेत पडतो. पावसाने राहुट्या भिजल्या की गुरुजी कुलूप काढून देतात, मुलांचे वर्ग आपल्याला मिळतात, त्यांच्या फळ्याखाली आपण पथारी टाकतो, त्यांच्या नळावर पाणी भरतो. शाळेचे अन्न नसेल खाल्ले, पण निवारा खाल्ला आहे. चार महिन्यांनी कार्तिकीला गाडीतून जाताना त्याच शाळेपुढून ऐंशीने जाणे, याला कृतघ्नपणा याहून सौम्य शब्द आम्हांस सापडत नाही.

वेगाशी आमचे वैर नाही. रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा लाखो डोळ्यांना पाणी येते. पण ते रिंगण आखलेले असते. चोपदार मैदान मोकळे करून घेतात, माणसे कडेने हारीने उभी राहतात, मग अश्व सुटतो. वेगाला जागा असावी लागते. शाळेचे फाटक ही ती जागा नव्हे, आणि दोन शाळांमधला मोकळा रस्ता असेल तर तेथे कायद्याने जेवढे सांगितले तेवढ्याने खुशाल जावे.

नियम पाळणे आपल्याला जड वाटावे असेही काही नाही. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड वर करतात आणि लाखोंचा समाज एका क्षणात शांत होतो. कोणी पावती फाडत नाही, कोणी कॅमेरा लावत नाही. तो दंड म्हणजे साधी काठी आहे, पण तिला मान देणे हे आपल्या अंगात मुरले आहे. रस्त्याकडेच्या लोखंडी खांबावरचा आकडा त्याहून कमी मानाचा का मानावा?

रात्री बारा वाजता, दिवाळीच्या सुट्टीत, शाळेला कुलूप असताना तरी हळू का जावे, असे विचारतील. पाटीवर वेळ लिहिली असेल तर त्या वेळेबाहेर नेहमीची मर्यादा; यात वाद नाही. लिहिली नसेल तर आमचे मत असे की पाळावीच. एकादशीला आज भूक किती आहे हे पाहून आपण उपवास ठरवत नाही. दर वेळी नव्याने ठरवावयाचे म्हटले की व्रत राहत नाही, सोय राहते. आणि घाईतल्या माणसाच्या डोळ्यांना प्रत्येक रस्ता मोकळाच दिसतो. मात्र एक गोष्ट अधिकाऱ्यांसही सांगितली पाहिजे. जेथे शाळा उठून गेली तेथे जुनी पाटी तशीच, आणि जेथे दोनशे मुले रस्ता ओलांडतात तेथे पाटीच नाही, असे असले म्हणजे लोकांचा सगळ्याच पाट्यांवरचा विश्वास उडतो. चालकाच्या सद्बुद्धीवर सारा भार टाकून बांधकाम करणाऱ्यांनी मोकळे होऊ नये. भुयारी वाट, कुंपण, सेवारस्ता, चाकाला खडखड जाणवेल अशा पट्ट्या, ही कामे ज्याची त्याने करावीत; रस्त्याच्या रचनेत हयगय करणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात, १९८-क कलमात, घातलेला आहे. ग्रामसभेत हा विषय माळकऱ्यांनी उठून मांडावा. गावात आपल्या शब्दाला वजन आहे, ते अशा वेळी वापरावे.

आमच्या प्रश्नकर्त्या गृहस्थांना आम्ही यातले बरेचसे त्याच रात्री सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बुवा, दंड भरून मोकळा होत होतो तेच बरे होते."

येत्या वारीला ज्यांच्या गाड्या निघावयाच्या आहेत त्यांनी एवढे करून पाहावे. निघण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्यावी आणि चालकाला नारळ देतानाच, सर्वांच्या देखत, सांगून ठेवावे की शाळेपुढे हळू गेल्याने उशीर झाला तर त्याला कोणी बोलणार नाही. पुढच्या बाकावर एकाने चोपदाराचे काम पत्करावे. लाल किनारीची पाटी दिसली की त्याने हात वर करावा, मागच्यांनी टाळ थांबवावेत, खिडकीच्या काचा खाली घ्याव्यात आणि फाटक मागे पडेपर्यंत सर्वांनी दोन्ही कडांना नजर ठेवावी. नंतर अभंग जेथे सोडला होता तेथून पुढे धरावा.